पितांबर नानांचा संगणक सुरू होईपर्यंत

सावदा, ३१ मे

बरेच महिने वहीत काही लिहिले नाही, त्याची माफी मागतो; कोणाची, ते मलाही नीट ठाऊक नाही. आज नानांच्या निरोप समारंभात भाषण केले. जसे झाले तसे उतरवतो. लोक मध्ये जे बोलले तेही ठेवतो, नाहीतर मी सलग बोललो असे वाटेल आणि ते खरे नाही.

"आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या केळी विक्री संस्थेचे चेअरमन आदरणीय प्रेमराज आबा, व्यासपीठावरील संचालक मंडळ, सत्कारमूर्ती पितांबर नाना, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती सुमनअक्का, सभासद बंधू-भगिनींनो, आणि दाराशी हातगाडी घेऊन उभे असलेले भंगारवाले चांदभाई,

नानांशेजारी टेबलावर दुसरी सत्कारमूर्ती आहे, हे आपण पाहताच. हार तिलाही घातला आहे. हा संस्थेच्या वजनकाट्यावरचा जुना संगणक, इतकी वर्षे नानांनीच चालवलेला. नानांना निरोपाची भेट म्हणून शाल नको, घड्याळ नको, हाच हवा. आबांनी आत्ताच निवाडा दिला, की माझे भाषण संपेपर्यंत पडद्यावर वाचता येईल असे काही उमटले तर संगणक नानांचा, नाहीतर चांदभाईंचा. नानांनी बटण दाबले आहे. तेव्हा मी थोडक्यात बोलणार नाही, याची नोंद घ्यावी."

"थोडक्यात कधी बोललेत हो हे किरणभाऊ?" असे आबा शेजाऱ्याला म्हणाले. समोर माइक होता, सगळ्यांनी ऐकले.

"मित्रहो, संगणक कशाला म्हणावे? आजच्या मुलांना वाटते, बटण दाबले की उजळतो तो. आमचा तसा नव्हता. तो आधी स्वतःची तब्येत तपासायचा. मेमरी मोजायचा, पडद्यावर आकडे पळायचे, आणि सारे ठीक असेल तर एकदाच 'पीप' करायचा. त्या पीपशिवाय केळीचा एक तरी ट्रक काट्यावर चढला आहे का? ड्रायव्हर खिडकीतून विचारायचे, 'बोलला का तो?' तीनदा बोलला, तर नाना झाकण उघडून मेमरीची पट्टी काढत आणि शाळेतल्या खोडरबराने घासत. तोवर ट्रक उन्हात, ड्रायव्हर चहाला.

आणि हा डबा मॉनिटर! याच्या गरम डोक्यावर नाना कच्ची केळी ठेवायचे. बैठकीत माल कधी पिकेल असा प्रश्न निघाला की संचालक मंडळ मॉनिटरकडे पाहायचे. पुढे चपटा पडदा आला. नानांनी सवयीने त्याच्या डोक्यावर केळ्यांची फणी ठेवली. ती कोणाच्या पायावर पडली, हे अध्यक्षांसमोर सांगणे बरे दिसणार नाही."

पीप.

टाळ्या पडल्या. नाना उठून उभे राहिले.

"आवाज आला, चित्र कुठी हाये?" सुमनअक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या. "आन घरी आणून ठेवू कुठी त्याले? माह्या डोक्यावर?"

"अक्का, पडदा जुना आहे, तापायला वेळ घेतो. नानांनाही सकाळी चहाशिवाय कुठे उजाडते?"

"ते खरं हाये," अक्का म्हणाल्या.

एवढ्यात चित्र आले. पण एका कोपऱ्यात हिरवे, दुसऱ्यात जांभळे, अक्षरे वाकलेली.

"हे काय, रंगपंचमीचं धोतर?" आबा म्हणाले. "वाचून दाखवा बरं कोणी."

नाना ओरडले, "तो साउंडवाल्याचा भोंगा शेजारी ठेवलाय! त्यात लोहचुंबक असतं, रंग ओढतं ते. सरकवा त्याले!"

वायर आखूड होती. सरकवायचा तर काढावी लागणार.

"माइक बंद म्हणजे भाषण संपलं," आबा म्हणाले.

"आबा, माइक संपला, भाषण नाही!" मी ओरडलो आणि ओरडतच राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. नाना वेळेचे पक्के, हे दोनदा सांगितले असावे. तेवढ्यात वायर काढून भोंगा बाजूला गेला आणि नानांनी मॉनिटरखालचे, चुंबकाचे डाग घालवणारे बटण दाबले. ठण्ण झाले, चित्र थरथरले आणि स्वच्छ झाले. काळ्यावर पांढरी अक्षरे. आतली बॅटरी कधीच संपलेली, त्यामुळे तो तारीख विचारत होता आणि स्वतःची सांगत होता.

आबांनी चष्मा लावून वाचले, "एक जानेवारी, एकोणीसशे ऐंशी." मग सभागृहाकडे वळले. "म्हणजे नाना अजून नोकरीलाच लागले नाहीत. निरोप कोणाला देतोय आपण?"

"मंग तं माह्यं लगनच नही झालं अजून!" अक्का म्हणाल्या.

माणसे खुर्च्यांवरून घसरायची बाकी होती. नाना मात्र अक्कांकडेच पाहत होते.

"वाचता आलं. नानांचा," आबा म्हणाले.

"येऊ द्या घरी," अक्का म्हणाल्या. "पण टेबल ज्यानं एवढी वकिली केली त्यानं द्यावं. भक्कम."

"देतो, अक्का. आता मी थांबू शकतो. आबांनी न्याय केला, चांदभाईंनी माल हातचा गेला तरी तो घरी पोचवायला गाडी देऊ केली, आणि आपण सर्वांनी निम्मे भाषण माइकशिवाय सोसले; सर्वांचा आभारी आहे. भाषण मी मुद्दाम लांबवले. त्या नादात कोणाचे नाव सुटले असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर घाईगर्दीतली चूक समजून पोटात घालावी. नाना, सुखात राहा."

उद्या : टेबल बघणे.