सायकल धरायला कुणीतरी

…नाही नाही, सायकलची सीट वर घ्यायला माझी काहीच हरकत नव्हती हो, पण किती वर घेणार? काही मर्यादा? पहिल्या दुकानात गेलो, तर तो दुकानदार मान मागे टाकून माझ्याकडे बघतो, लोक पाण्याच्या टाकीकडे बघतात तसा, आणि म्हणतो, "काही प्रॉब्लेम नाही साहेब, सीट वर घेऊ." दुसऱ्या दुकानात, "सीट वर घेऊ." तिसऱ्यात तर मी तोंड उघडायच्या आत त्याच्या हातात पाना. घेतली वर. आणखी घेतली. दांडा संपला, मग लांब दांडा आणला, तोही घेतला वर. आता सीट आली माझ्या कमरेला आणि हँडल राहिलं तिथेच खाली, बेताच्या उंचीच्या माणसाला जिथे हवं तिथे. बसलो, तुम्हाला सांगतो, आणि समोरच्या काचेत बघितलं, तर एक माणूस पडलेलं नाणं शोधतोय. बूड वर, नाक चाकात. आणि हा हात चोळत म्हणतो, "बघा, झाली की फिट." फिट म्हणे… मला फिट यायची वेळ आली होती.

आता तुम्ही म्हणाल, या वयात तुम्हाला रोड बाइक हवी कशाला, ती पातळ टायरची, वाकड्या हँडलची? तेच सांगतोय. पण त्याआधी माझी उंची सांगायला हवी. सहा फूट चार इंच. हसू नका, लोकांना वाटतं उंची म्हणजे फार चैन. मी फर्निचरच्या कारखान्यात ड्रॉइंग काढतो. आमच्या टेबलासमोर भिंतीवर एका माणसाचं चित्र आहे, खांदा इथे, कोपर इथे, गुडघा इथे. त्याला आम्ही म्हणतो नेमका माणूस. ओटा त्याच्या कमरेला, कपाट त्याच्या हाताला, आरसा त्याच्या तोंडासमोर. जन्मभर मी या गृहस्थाची सेवा करतोय आणि त्याने माझ्यासाठी काय केलं? माझ्या घरच्या आरशात मला हनुवटी दिसते आणि शर्टाची दोन बटणं. केस मी अंदाजाने विंचरतो.

कारखान्यात मला नाव आहे, पण म्हणतात सगळे शिडी. "शिडी, जरा ते वरचं बंडल." "शिडी, ट्यूब उडाली बघ." आता शिडीचं कसं असतं, काम झालं की टेकवून ठेवतात भिंतीला. शिडीला कुणी म्हणत नाही, ये, बस, दोन घोट चहा घे. बरं, चहाला जाऊन उभं राहावं, तर सगळ्या गप्पा चालतात माझ्या छातीपाशी. वर पोचत नाहीत. खाली हशा झाला की मीही हसतो, जरा उशिरा, कशाला हसलो ते न कळता.

तर, सायकल. सायकल आली दारावरून. म्हणजे असं झालं, मागच्या वर्षी आई गेली. घरात आम्ही दोघंच. ती अशी एवढीशी, माझ्या कोपराला लागायची. आमच्या स्वयंपाकघराचं दार बुटकं. मी दाराशी आलो की ती आतून, पाठ माझ्याकडे, डोळे गॅसवर, तरी म्हणायची, "डोकं." मी वाकायचो. मिसरूड फुटल्यापासून हे चालू. पातेलं खाली ठेवता ठेवता, "डोकं." फोनवर ताईशी बोलताना मध्येच, "अगं हो, म्हणूनच मी… डोकं… म्हणूनच मी म्हटलं तुला." त्या दाराची उंची मला कधी लक्षात ठेवावीच लागली नाही, ती आईकडे होती. आता आई नाही, तर रोज आपटतो. सकाळी एकदा, जेवताना एकदा, आणि रात्री पाणी प्यायला उठलो की एकदा.

गेलो टेंगूळ घेऊन डॉक्टरकडे. ते खुर्चीवर चढायचेच बाकी होते, म्हणाले, "हे दार घरात नवीन बसवलंय का?" म्हटलं, पहिल्यापासून आहे. "मग आत्ताच कसं लागायला लागलं?" आता काय सांगणार त्यांना? त्यांनी बघितलं माझ्याकडे जरा वेळ. म्हणाले, "फार घरात बसता. बाहेर पडा, ती रोड बाइक घ्या, सकाळी ग्रुपने जातात, चार माणसं भेटतील. आणि आपटून मान धरलीय, हे मलम मानेखाली पाठीवर लावा. तुमचा हात नीट पोचणार नाही, पण घरी कुणीतरी असेलच ना."

घरी कुणीतरी असेलच ना. हे वाक्य ना, तुम्हाला सांगतो, माणसाने कुठे तक्रार करायची याची? पार्सलवाला म्हणतो, "दुपारी आणतो, घरी कुणीतरी असेलच ना." गॅसवाला म्हणतो. सगळ्या जगाच्या घरी कुणीतरी असतं, असं धरूनच चाललेत लोक.

तीन दुकानांत तोंड पोळल्यावर चौथ्यात गेलो, तिथे एक बाई होत्या. सीटचं नाव नाही. म्हणाल्या, "बूट काढा. भिंतीला टेकून ताठ उभे राहा. हे पुस्तक घ्या आणि दोन पायांच्या मध्ये वर सरकवा. आणखी वर. लाजताय काय, मला पायाचं माप हवंय." टेप लावला आणि म्हणाल्या, "लोक तुम्हाला उंच म्हणतात ते चूक आहे. तुमचे पाय उंच आहेत. धड चारचौघांसारखंच आहे." तुम्हाला सांगतो, इतकं बरं वाटलं मला. निदान अर्धा तरी मी चारचौघांत बसतो.

मग म्हणाल्या, "सीट वर घेऊन भागणार नाही, फ्रेमच मोठी हवी. एकसष्ट सेंटिमीटरची. एक आहे माझ्याकडे, कधीची पडून आहे, कुणाला होत नाही." कुठे, तर छताला टांगलेली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच घेता का काढून? नाहीतर शिडी शोधावी लागेल." घ्या. माझी सायकलसुद्धा मीच वरून काढून दिली मला.

पण बसलो त्या सायकलवर, त्यांनी मागून कॅरियर नसलेल्या त्या सायकलची सीट धरली, आणि… कसं सांगू? हात हँडलवर आपोआप गेले. पाठ दुमडली नाही. मान वर केली तर समोर दार दिसलं, दारातून रस्ता दिसला. पलंगाबाहेर पाय काढून झोपणारा माणूस मी, बसमध्ये गुडघे कानाशी घेऊन बसणारा. पहिल्यांदाच काहीतरी माझ्या मापाचं होतं. बाईंनी काही विचारू नये म्हणून मी घंटी वाजवून बघितल्यासारखं केलं. तिला घंटी नव्हती.

बाई म्हणाल्या, "आता सीटची उंची तेवढी बारकाईने लावायची. फिटिंगचं स्टँड आमच्या पोटमाळ्यावर आहे, पण तिथे पंखा असा खाली आहे की तुमची हजामत होईल. घरीच करा, सोपं आहे. एकाने मागून सायकल धरायची. तुम्ही बसून उलटं पेडल मारायचं. मागच्याने बघायचं, कंबर डुलते का. ते स्वतःला कळत नाही, मागच्यालाच दिसतं. घरी कुणीतरी असेलच ना."

मी म्हटलं, हो.

का म्हटलं? अहो, एवढी मनासारखी सायकल हाताशी आली होती, तिथे कुठे रडगाणं गायचं? त्या पुढे म्हणाल्या, "आठवडाभरात बसली तर तुमची, नाही बसली तर परत आणा. पण गुडघे दुखत असताना रेटू नका. सायकल बदलून मिळते, गुडघा मिळत नाही."

दोन दिवसांत गुडघे बोलायला लागले. म्हणजे सीट चुकली होती. वर की खाली, ते मागच्यालाच दिसणार, आणि मागे कोण? मागे कपाट. सायकल कपाटाला टेकवली, वर बसलो, कपाट सरकलं. मोबाइल स्टुलावर ठेवून व्हिडिओ काढला, त्यात आधी माझे गुडघे दिसतात आणि मग नुसताच धप्प असा आवाज. कारखान्यात विचारलं एकाला, संध्याकाळी येतोस का जरा सायकल धरायला? तो हसला. "काय शिडी, लहान आहेस का? आणि घरी कुणीतरी असेलच ना." खाली सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

ताईला फोन केला. ती लांब असते, तिथून काय धरणार, पण सांगावं कुणाला तरी. ती म्हणाली, "अरे एवढंच ना, घरी कुणीतरी…" आणि थांबली. मग म्हणाली, "जेवलास का?" म्हटलं, हो जेवलो. जेवलो नव्हतो.

आता राहिल्या समोरच्या काकू. या काकू बस डेपोत घोषणा करायच्या. नोकरी सुटली, आवाज सुटला नाही. "लक्ष द्या. वरच्या फळीवरचा निळा डबा काढून हवा आहे." असं दारातून म्हणतात, आणि मी जातो. सारखं काहीतरी असतं, डबा, बल्ब, पडद्याची कडी. आई गेल्यापासून तर जरा जास्तच. मीही जातो, काढून देतो, परत येतो. शिडीचं काम.

म्हटलं, यांना विचारू. गेलो, बेल वाजवली. दार उघडलं, "बरं झालं आलात. बल्ब." बल्ब बदलला आणि परत आलो. विचारलंच नाही! दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. "बरं झालं. ती वरची बॅग." बॅग काढली, परत आलो. अहो, दुसऱ्याचं काढून द्यायची सवय लागलेल्या माणसाला स्वतःसाठी मागायला जमत नाही, जीभ टाळूला चिकटते. आठवडा संपायला एक दिवस राहिला. ठरवून टाकलं, उद्या सायकल परत. शेवटचं एकदा बसून घेऊ म्हणून पॅसेजमध्ये, दोन्ही कोपरं दोन भिंतींना टेकवून चढलो. आणि पडलो. सायकल माझ्यावर, मी चपलांच्या स्टँडवर.

दारात काकू. "काय पडलं?"

म्हटलं, "मी."

सायकल बघितली, मला बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग घरी कुणी नाही का धरायला?"

बघा, पहिल्यांदा कुणीतरी ते विचारलं. असेलच ना नाही, आहे का. आणि मी म्हटलं, "नाही हो काकू. कुणी नाही." आवाज जरा फाटलाच माझा.

"मग सांगायचं नाही का? दोन दिवस दारात येऊन खांबासारखे उभे राहता, मी आपली तुम्हाला कामं काढून देते."

म्हटलं, "तुम्हाला बल्ब हवा होता ना."

"माझ्याकडे स्टूल आहे," काकू म्हणाल्या. "दोन आहेत."

दोन स्टुलं. आणि तो निळा डबा, तुम्हाला सांगतो, रिकामा असायचा. मला कधी प्रश्नच पडला नाही, रिकामा डबा वर ठेवते कोण आणि सारखा खाली मागते कोण. आईचा आवाज बंद झाला तसा त्यांनाही समोरून ऐकू यायचा बंद झाला असेल की. मला वाटत होतं, एकटा मीच.

काकूंनी पदर खोचला, सीट मागून घट्ट धरली. मी बसलो, उलटं पेडल मारलं. मागून घोषणा झाली, "लक्ष द्या. कंबर डुलते आहे. सीट खाली घ्यावी."

खाली! आयुष्यात कुणी मला खाली घ्या म्हटलं नव्हतं. उतरलो, बोटभर खाली घेतली, पुन्हा बसलो. "अजूनही डुलते आहे." आणखी जरा. पुन्हा बसलो. पाय असा फिरला म्हणता, लोण्यातून सुरी. मग मागून अगदी हळू, डेपोतला नव्हे, वेगळाच आवाज, "आता बसली बघा."

आणि मी, चाळिशी उलटलेला माणूस, इतका खूश झालो की पेडल पुढे मारलं. पॅसेज केवढा, सायकल केवढी! काकूंच्या हातून सीट सुटली, सायकल निघाली स्वयंपाकघराकडे, आणि मागून, सबंध इमारतीला ऐकू जाईल असं,

"डोकं!"

आता वाकायचं ना माणसाने? मिसरूड फुटल्यापासूनची सवय. पण वर्षभरात कुणी म्हटलं नव्हतं हो ते. मी बघायला मागे वळलो.

टेंगूळ या वेळी मागच्या बाजूला आहे, मानेच्या जरा वर. सायकल ठेवून घेतली, दुकानात तसं कळवलं. डॉक्टरांनी तेच मलम दिलं आणि तेच विचारलं, घरी कुणीतरी असेलच ना. म्हटलं, घरी नाही हो, समोर आहेत. इतक्या वर त्यांचा हात काही पोचत नाही… पण स्टुलं आहेत त्यांच्याकडे. दोन.