झेनिल्दो पासोस खाजणात उतरले, त्याबाबत

नाव एदिनाल्वा दा कोन्सेसाँव, वय ६१ वर्षे, राष्ट्रीयत्व ब्राझिली, धंदा खाजणाच्या चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून विकणे, राहणार बार्रा दो सिरी, जेट्टीमागची आळी.

मी आज ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, झेनिल्दो पासोस, वय ५४, यांना मी लहानपणापासून ओळखते. आमच्या दोन घरांत एकच भिंत. त्यांची आई वारल्यावर ते आमच्याकडेच जेवत. मला ताई म्हणत.

सन २००४ मध्ये रंगाच्या कारखान्याचं पाणी खाजणात सोडायचं ठरलं, तेव्हा झेनिल्दो नळाच्या तोंडाशी सहा दिवस बसून राहिले. आम्ही बायका आळीपाळीने सोबत बसलो. नळ बंद झाला. मग आम्हीच त्यांना तीन वेळा नगरसेवक केलं. पुढे राजधानीत राज्याच्या पर्यावरण खात्यात त्यांना मोठा हुद्दा मिळाला. त्या दिवशी आळीत कोणाच्या घरी चूल पेटली नाही, सगळे त्यांच्या दारात जेवले.

दोन वर्षांपूर्वी त्याच कारखान्याला नळ उघडायची परवानगी मिळाली. कागदावर सही झेनिल्दोंची होती. यंदा मार्चमध्ये माझी सून रोझिनेते, वय २९, तिसऱ्या काढायला उतरली असता तिच्या पायांची कातडी सोलवटली. एकोणीस दिवसांनी ती इस्पितळात वारली. झेनिल्दो मातीला आले होते. त्यांच्याशी कोणी बोललं नाही. मीही नाही.

त्यानंतर ते दर मंगळवारी येऊ लागले. आधी सरकारी गाडीने, मग बसने. काठावर उभे राहत आणि परत जात. जूनमध्ये मी विचारलं, "काय बघतोस रे इथं?"

"बघत नाही, ताई. ऐकतो. ओहोटीला आपला चिखल चटचट वाजायचा ना?"

"खेकडेच मेले. आता काय वाजणार?"

"माझ्या ऑफिसात वाजतो. आठव्या मजल्यावर. खिडक्या लावल्या तरी."

मी म्हटलं, डॉक्टरला दाखव.

दिनांक १२ ऑगस्ट, मंगळवार, सकाळी दहाच्या सुमारास ते माझ्या घरी आले. पिशवीत काचेच्या चार बरण्या होत्या. म्हणाले, "खातं चिखलाचे नमुने घेत नाही. मी घेतो. तू कोर्टात न्यायाधीशांकडे पोचव."

"तूच पोचव की."

"माझ्या हातचं कोण घेईल?"

मी त्यांना कॉफी दिली. ती त्यांनी घेतली. मी म्हटलं, "लोक म्हणतात, तू न वाचता सही केलीस."

"लोक भले आहेत. वाचून केली, ताई. तीनदा वाचली. बायका जिथून उतरतात, ती वाट नकाशात काढलेली होती."

मी रिकामा कप उचलला.

आम्ही दोघं काठावर गेलो. तीन बरण्या त्यांनी अलीकडच्या चिखलाने भरून माझ्याकडे दिल्या. चौथी नळाच्या तोंडाशी भरायची होती, ते ठिकाण ओढ्यापलीकडे आहे. तेव्हा अकरा वाजून गेले होते. त्या दिवशी भरती अकरा वीसला लागणार, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. ते अनवाणी उतरले. पाणी कमरेला लागलं. पलीकडे पोचून नळापाशी वाकलेले दिसले. मग तिवरांच्या झाडीआड गेले. मी दोन वाजेपर्यंत उभी होते. तोवर तिवरांचे फक्त शेंडे पाण्यावर राहिले होते. होड्यांनी दोन दिवस शोधलं. ते मिळाले नाहीत.

तीन बरण्या सोबत आणल्या आहेत. त्यावर झेनिल्दोंच्या हातची तारीख आहे. माझ्यासमोर मोहोर लावून न्यायाधीशांकडे पाठवाव्यात.

हा जबाब ठाणे अंमलदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात "हाक मारली, परंतु ऐकू गेली नसावी" असं त्यांनी आपल्या मनाने घातलं होतं. ते मी खोडायला लावलं. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे. मी हाक मारली नाही.