‘पाणी बंद’ कादंबरीतला हरवलेला फर्मा

नाव अनंत दत्ताराम पेडणेकर, वय ६७ वर्षे, व्यवसाय कादंबरीलेखन, राहणार तिसरा मजला, सुखनिवास सोसायटी, मुलुंड पूर्व, मुंबई. मागच्या जबाबात माझा व्यवसाय ‘सेवानिवृत्त कारकून’ असा लिहिला गेला होता. तो दुरुस्त करून घ्यावा.

मी कोणीही न बोलावता पोलीस ठाण्यात हजर राहून पुरवणी जबाब देतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी नीला हिच्यासह राहतो. आम्हाला मूलबाळ नाही. विमा कार्यालयात नोकरीला असताना मी लिहू लागलो. आजपर्यंत गुन्हेगारीवरच्या बारा कादंबऱ्या लिहिल्या आणि बाराही पदरमोड करून छापल्या. प्रकाशकांकडे गेलो नव्हतो असे नाही. तीन ठिकाणी ‘काका, रहस्यकथा आता कोण वाचतं?’ हे ऐकले, चौथ्या ठिकाणी गेलो नाही. मग अंधेरी एमआयडीसीतल्या धवल शहा यांच्या छापखान्यात स्वतः छापून घेऊ लागलो. पुस्तके लोकांना भेट देतो. विकत मागितली तर विकतोही, पण तसे फारसे कोणी मागत नाही.

माझ्या सर्व कादंबऱ्यांचा नायक इन्स्पेक्टर भार्गव सामंत हा आहे. ‘भांडुपचा पाहुणा’, ‘वर्सोव्याची रिकामी होडी’, ‘माहुलचा धूर’ ही माझी गाजलेली पुस्तके. गाजलेली हा शब्द मी वापरला आहे, तो तसाच लिहावा. माझी लिहिण्याची रीत अशी की, कागदावर जो गुन्हा घडतो तो प्रत्यक्षात घडू शकतो की नाही, हे मी त्या जागी जाऊन तपासतो. होडीच्या कादंबरीसाठी मी आणि नीला वर्सोव्याहून मढला तरीच्या बोटीने इतक्या वेळा गेलो की तरीवाला आम्हाला नवीन लग्न झालेले समजून हसायचा. नीला उन्हात छत्री धरून बसायची आणि मी सांगेन ते लिहून घ्यायची.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी यशवंत मयेकर, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, हे मागच्या सोमवारी सकाळी गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये मृत सापडले. त्यांना शुगर होती. मे महिना, वर पत्रा, आणि दाराला बाहेरून कुलूप. शनिवारी संध्याकाळपासून जिन्यात ‘टाकी सफाई, पाणी बंद, गच्चीवर जाऊ नये’ हा पुठ्ठा लटकत होता. हा पुठ्ठा आमच्याकडे दरवर्षी तोच असतो, मीटररूममध्ये पडलेला असतो, कोणीही उचलून लावू शकतो. पुठ्ठा दिसला की आमची माणसे बादल्या भरायला धावतात, वर जाऊन बघायला कोणी जात नाही. चौथ्या मजल्यावरचे दोन्ही बिऱ्हाडकरू सुट्टीत कोकणात गेले होते. भाऊंचा मोबाईल खाली घरात चार्जिंगला होता. ते एकटेच राहत आणि अधूनमधून न सांगता बहिणीकडे घाटकोपरला जात, त्यामुळे कोणी विचारपूस केली नाही.

ही युक्ती माझी आहे. ‘पाणी बंद’ या माझ्या नवव्या कादंबरीत खुनी माणूस टाकी सफाईचा पुठ्ठा लावतो आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला मशीनरूममध्ये कोंडतो. बाकी लोक निमूटपणे बादल्यांतले पाणी वापरत राहतात. मंगळवारी मला इथे बोलावले तेव्हा मी हे सर्व सांगितले. खोटे कशाला बोलू, सांगताना मला बरे वाटत होते. बत्तीस वर्षे लिहितोय, पोलिसांनी पहिल्यांदा माझ्या कादंबरीबद्दल विचारले. मी चहा दोनदा घेतला.

त्याच जबाबात मी सांगितले होते की, दुसऱ्या मजल्यावरची श्रुतिका नाईक, वय २७, हिला मी ‘पाणी बंद’ सहीनिशी भेट दिली होती आणि तिने वाचून ‘काका, शेवट झकास! मला वाटलंच नव्हतं!’ असे म्हटले होते. श्रुतिका घरात चित्रकलेचे क्लास घेते. मुलांच्या चपला जिन्यात असतात म्हणून भाऊंनी त्या मीटररूममध्ये कोंडून ठेवल्या, तेव्हा ती सगळ्यांसमोर ओरडली होती की ‘भाऊ, एक दिवस तुम्हालाच कोंडून घालते बघा!’ तिच्या घरी माझे पुस्तक सापडले. बुधवारी तिला अटक झाली. तिची आई जिन्यात भेटते, माझ्याकडे बघत नाही. मी तिला दोनदा नमस्कार केला, तिने दार लावून घेतले.

काल दुपारी इथले हवालदार पुस्तक घेऊन माझ्या घरी आले आणि म्हणाले, ‘काका, खुनाची ती पानं कुठली, तेवढी खूण करून द्या. शेलार मॅडम शोधतायत, मिळत नाहीत.’ मी हसलो. पुस्तक उघडले. पान ११२ नंतर पुन्हा पान ९७ आले. पुन्हा ९८, ९९, असे ११२ पर्यंत. त्यानंतर एकदम १२९.

याचा खुलासा असा की, पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी बांधले जाते, त्याला फर्मा म्हणतात. बाइंडरने एक फर्मा दोनदा लावला आणि पुढचा लावलाच नाही. खुनाची पूर्ण हकीगत त्याच फर्म्यात होती. छापून आलेले पुस्तक मी स्वतः वाचत नाही, मला तोंडपाठ असते. हवालदारांना बसवून मी कपाटातल्या उरलेल्या प्रती काढल्या. सगळ्या तशाच. तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी मला ‘काय डोकं चालतं रे तुझं!’ असे म्हटले होते. त्यांची प्रत तशीच. सोसायटीच्या वाचनालयातली तशीच. बोरिवलीला मेहुण्याला फोन केला. त्याने तर माझ्या पासष्टीला या कादंबरीवर भाषण केले होते. तो म्हणाला, ‘थांब हं, बघतो,’ आणि फोनवर पाने उलटल्याचा आवाज येत राहिला. त्याचीही तशीच.

म्हणजे तीनशे प्रती वाटल्या, पाच वर्षे झाली, एका माणसाने मला सांगितले नाही की अनंतराव, तुमच्या पुस्तकात खूनच नाही. मला राग आला आहे. तो या जबाबात यावा अशी माझी इच्छा आहे. ‘शेवट झकास’ म्हणे! पण मुद्दा राग नाही. मुद्दा असा की श्रुतिकाने ते पुस्तक वाचले असले काय आणि नसले काय, युक्ती तिला त्यातून मिळूच शकत नाही. ती त्यात नाही. पोर माझे मन राखायला चार शब्द गोड बोलली आणि मी तेच शब्द तिच्याविरुद्ध लिहून दिले. तिला सोडावे. मी हात जोडून सांगतो, तिला आज सोडावे.

पोलीस उपनिरीक्षक जानकी शेलार मॅडम यांनी विचारले असता सांगतो की, होय, पुस्तकातून कोणाला कळले नसेल तर ज्याला हस्तलिखित माहीत आहे त्यालाच कळले, हा अर्थ बरोबर आहे. हस्तलिखित मला माहीत आहे.

पुढे सांगतो की, भाऊंना मी कोंडले, असे लिहावे. कारण असे की, रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये माझ्या बाराव्या कादंबरीचे प्रकाशन होते. भाऊंनी माझ्या पुस्तकांचे जिन्यातले गठ्ठे मला न विचारता रद्दीत घातले होते आणि मला म्हणाले होते, ‘अनंता, तुझी पुस्तकं वजनाला बरी भरतात रे!’ त्या गठ्ठ्यातल्या एका प्रतीत त्यांना तो घोटाळा दिसला. रविवारी ते भर कार्यक्रमात उभे राहून म्हणणार होते, ‘लेखकमहाशय, जरा पान एकशेतेरा वाचून दाखवा.’ सगळ्या सोसायटीसमोर. म्हणून मी रागाच्या भरात त्यांना वर नेले.

मॅडमनी हे लिहून घेतले आणि विचारले, ‘काका, पान नसल्याचं तुम्हाला काल कळलं ना? आत्ताच म्हणालात.’ मी म्हणालो, आधीच कळले होते, भाऊंनी शनिवारी सांगितले. मॅडम म्हणाल्या, ‘शनिवारी कधी? तुम्ही सकाळपासून अंधेरीला छापखान्यात होतात. नवीन पुस्तकाचे गठ्ठे घेऊन रात्री परत आलात, पुठ्ठा त्याआधीच लागलेला होता. मंगळवारच्या जबाबात दीड पान लिहिलंय तुम्ही त्यावर. शहांनीही तेच सांगितलंय.’ मी म्हणालो, भाऊंनी फोन केला. मॅडम म्हणाल्या, ‘भाऊंच्या मोबाईलवरून तुम्हाला एकही फोन नाही. मग भाऊ हे कोणाला बोलले, काका? शनिवारी तुमच्या घरी कोण होतं?’

माझ्या कादंबरीत इतका कच्चा कबुलीजबाब मी ठेवला नसता. हे वाक्य मॅडम लिहू नका म्हणाल्या, मी लिहा म्हणालो.



मॅडमनी पुन्हा विचारले की, ‘मशीनरूममधला आवाज खाली ऐकू येत नाही, हे मी कादंबरी लिहिताना चौथ्या मजल्याच्या जिन्यात उभं राहून तपासलं, असं तुम्ही मंगळवारी अभिमानानं सांगितलंत. तुम्ही जिन्यात होतात, तर आत कोण ओरडत होतं?’ यावर मी पाणी मागितले. पाणी देण्यात आले.

काल हवालदार गेल्यावर मी कपाटातली एक प्रत नीलासमोर टाकली होती. ती तांदूळ निवडत होती. तिने पुस्तकाकडे पाहिलेसुद्धा नाही. ‘मला माहीत होतं,’ म्हणाली. ‘छापून आलं त्याच आठवड्यात कळलं. तुम्ही इतके खुशीत होतात, कुठल्या तोंडाने सांगू?’ भाऊ शनिवारी दुपारी दारात उभे राहून काय बोलून गेले तेही तिने सांगितले. त्यापुढे मी तिला बोलू दिले नाही. गप्प बस, म्हणालो. बेचाळीस वर्षांत मी तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. ती एवढेच म्हणाली, ‘अहो, ती पोर तिथे काय खात असेल?’ आणि सकाळी डबा भरून माझ्यामागे निघाली. नको येऊस म्हटले तरी आली. ती आता बाहेर बाकावर बसली आहे. वरील मजकूर मी मॅडमना जबाबासाठी म्हणून सांगितला नव्हता, माझ्या तोंडून गेला. मॅडमनी तो लिहिला.

माझी अडचण अशी आहे की, मी जे बोलतो त्यातून श्रुतिका सुटते आणि जे बोलत नाही त्यातूनही नीला सुटत नाही. मी अनेक माणसे अशा खोलीत बसवली आहेत. भार्गव सामंत समोर बसायचा आणि मला मजा वाटायची. मला घरी जायचे आहे, आणि नीलाला बरोबर घेऊन जायचे आहे.

शेवटी मॅडमनी विचारले, ‘काका, एकच सांगा. ते प्रकरण तुमच्याशिवाय कोणी वाचलंय का?’ मी सांगितले की, कोणी नाही. माझे काही कोणी वाचत नाही. पाच वर्षांत कोणी वाचले नाही, त्याचा पुरावा तुमच्या टेबलावर पडला आहे. माझी बायकोसुद्धा वाचत नाही. तिला त्यात रस नाही. असे लिहा.

त्या वेळी नीला डबा हातात घेऊन दारात आली. ती म्हणाली, ‘मी वाचलंय. बाराही वाचलीत, छापायच्या आधी आणि नंतरही. त्या खोलीतून ओरडून बघितलं ती मीच.’ मी तिला थांब म्हणालो. ती माझ्याकडे न बघता मॅडमना म्हणाली, ‘भाऊंना कार्यक्रम होईपर्यंतच ठेवणार होते हो. ह्यांचं भाषण संपलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी उघडायला गेले. ते जिवंत नव्हते. पुन्हा कुलूप लावून खाली आले.’ मॅडमनी तिला खुर्ची दिली आणि तिचा जबाब वेगळा घेऊ असे सांगितले.

हा माझा पुरवणी जबाब मॅडमनी मला मराठीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, एकही ओळ गाळली नाही. शेवटचा परिच्छेद काढून टाकावा, त्याशिवायही जबाब पूर्ण होतो, अशी विनंती मी केली. ती मान्य झाली नाही. त्या परिच्छेदासह तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो.

समक्ष
जानकी शेलार, पोलीस उपनिरीक्षक

सही
अनंत दत्ताराम पेडणेकर