धुऱ्यावरचा बार

जबाब देणार : सरोजिनी विनायक देव, वय ३४, धंदा शिक्षकी, राहणार राजापेठ, अमरावती. ठाणे भातकुली, सन १९५८, दसऱ्याचा दुसरा दिवस.

समक्ष हजर राहून सांगते की, शालिकराम याने काल खुशालरावांवर गोळी झाडली अशी जी फिर्याद आहे ती साफ चुकीची आहे. तो आवाज माझ्या मोटारीचा होता.

काल सकाळी आमच्याकडे मोटारीची पूजा झाली. माझा भाऊ रविकांत, धंदा वकिली, याने हौसेने इंजिन चकचकीत केले. डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणातून चार प्लगांना चार वायरी जातात आणि ठिणगी ठरल्या क्रमानेच जावी लागते. त्याने वायरी उपसून पुसल्या, प्लगांना हळदकुंकू वाहिले आणि परत लावताना मधल्या दोन वायरींची अदलाबदल केली. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

संध्याकाळी मावशीला सोने द्यायला मी एकटीच भातकुलीकडे निघाले. मोटार सारखी धक्के खात होती. खुशालरावांच्या शेताजवळ सायलेन्सरमधून मोठा बार निघाला आणि इंजिन बंद पडले. तेवढ्यात शालिकराम सीमोल्लंघनाहून परत येताना दिसला. खांद्यावर ठासणीची बंदूक, तिचीही पूजा झालेली, नळीच्या तोंडात झेंडूचे फूल खोचलेले. बंदूक बाभळीला टेकवून तो म्हणाला, "बाई, तुमी बसा, मी हँडल मारतो." मोटार चालू झाली. मी त्याला सोने दिले व पुढे गेले. मागे काय झाले ते मला कळले नाही.

शालिकरामचा आणि खुशालरावांचा धुऱ्यावरून, म्हणजे दोघांच्या शेतांमधल्या बांधावरून, जुना वाद आहे. खुशालराव तुरीत होते. त्यांनी बार ऐकला, मग बंदूक पाहिली, आणि बाकीचे मनाने जोडले. माझ्या मदतीला थांबलेला माणूस रात्रभर कोठडीत राहिला, याचा मला संताप आहे.

आज सकाळी हे कानावर येताच मी बॉनेट उघडले. इंजिन चालू ठेवून, कोरड्या फडक्याने धरून, एकेक वायर काढून पाहिली. पहिली किंवा चौथी काढली की इंजिन मरू लागे. मधल्या दोन काढल्या तरी काही फरक पडेना. म्हणजे त्या दोन सिलिंडरांत पेट्रोल जळतच नव्हते, ते सायलेन्सरमध्ये जाऊन पेटत होते. रविकांत म्हणाला, "वायरी नीट लाव आणि गप्प बस. खुशालराव माझे पक्षकार आहेत." माझे ते कोणी नाहीत. मी वायरी तशाच ठेवल्या आणि मोटार घेऊन येथे आले.

आवारात शिरताना पुन्हा तसाच बार झाला, पण या वेळी इंजिन चालूच राहिले. खुशालराव बाकावर बसले होते, ते बाकाखाली गेले आणि ओरडले, "मेलो रे बाप्पा! शालक्यानं पुन्हा गोळी घातली मले!" शालिकराम तेव्हा कोठडीत होता. किल्ली हवालदारसाहेबांच्या कमरेला होती. जप्त बंदुकीच्या नळीत कालचे फूल अजून आहे, तेही आपण आत्ताच पाहिले.

जबाब मला वाचून दाखवला. खुशालराव बाकाखाली गेल्याचे वाक्य त्यात नव्हते. हवालदारसाहेब म्हणाले, "बाई, हे काहून लिवा लागते?" मी ते लिहायला लावले. आता जबाब मी सांगितल्याबरहुकूम बरोबर आहे. शालिकराम बाहेर येऊन माझ्या शेजारी बसेपर्यंत मी मोटार आवारातून हलवणार नाही, आणि इंजिनही बंद करणार नाही.

सही : सरोजिनी देव