आधी गिळ, मंग मार

मच्छिंद्र : गेम खेळायचेत की धान्य साठवायचंय, ते आधी ठरव.

सुदर्शन : गेमच खेळायचेत. पण फोर टीबी द्या. साधी हार्डडिस्क, मोठी.

मच्छिंद्र : अरे, ती हळू असते. गेम उघडेपर्यंत तुझं जेवण उरकेल. त्याच किमतीत ही एसएसडी येते. जागा पावपट, पण बटण दाबलं की गेम हजर. कसबा पेठेतलं दुकान आहे हे, नको ते गळ्यात मारत नाही आम्ही.

सुदर्शन : माहितीये मला. तरी मोठीच द्या.

मच्छिंद्र : माहितीये आणि तरी. वा.

यमुनाबाई : द्या की भाऊ मोठी. माजं लेकरू म्हणायलंय तर द्या. भांडं मोठं असलेलं बरं असतंय. पाव्हणा आला तर वरण वाढिवता येतंय.

मच्छिंद्र : बाई, यात वरण मावत नाही.

सुदर्शन : तू थांब ना जरा. तुला कळतं का यातलं काही?

यमुनाबाई : न्हाई बाबा. ही बघ, गप बसले.

मच्छिंद्र : आईशी नीट बोलावं. आणि साठवतोस काय एवढं?

सुदर्शन : रेकॉर्डिंग. खेळताना स्क्रीन रेकॉर्ड होते, आवाजासकट. तासन्‌तास चालतं. मग त्यातले तुकडे कापून टाकायचे नेटवर.

मच्छिंद्र : आणि ते बघतं कोण?

सुदर्शन : असतात लोक. तुम्ही पॅक करा, तोवर मी हा डेमो खेळू का?

मच्छिंद्र : खेळ. फुकट आहे.

यमुनाबाई : बसला का हितंबी! आरं, सकाळधरनं पोटात काय न्हाई तुज्या. आधी गिळ, मंग मार कुणाला मारायचं ते!

मच्छिंद्र : काय म्हणालात?

यमुनाबाई : तुमाला न्हाई भाऊ, ह्याला म्हणले.

मच्छिंद्र : नाही नाही, परत म्हणा. अहो, हा आवाज... ‘आधी गिळ, मंग मार’! त्या मावशी तुम्हीच की! आमच्या घरात पानं घेतली की सगळे हेच ओरडतात.

सुदर्शन : काका, बिल करा ना. उशीर होतोय.

यमुनाबाई : कोन मावशी?

मच्छिंद्र : फोनवरच्या हो. थांबा, दाखवतो. एक पोरगा खेळत असतो, त्याचं तोंड दिसत नाही, आणि मागून तुम्ही. हे बघा.

(फोनमधून यमुनाबाईंचा आवाज. त्या शेवटपर्यंत ऐकतात.)

यमुनाबाई : ही तर मीच हाय.

मच्छिंद्र : तुम्हीच. फेमस आहात तुम्ही बाई. वर काय लिहिलंय बघा, ‘आमच्या स्वयंपाकवाल्या मावशी विरुद्ध मी’. पण... तुम्ही याच्या आई ना?

यमुनाबाई : मला वाचता येत न्हाई. सुदर्शन, तू वाच, काय लिव्हलंय.

सुदर्शन : ते नुसतं टायटल असतं गं.

यमुनाबाई : वाच म्हणले.

सुदर्शन : ‘आमच्या स्वयंपाकवाल्या मावशी...’

यमुनाबाई : आसं.

सुदर्शन : आई, ऐक. पहिल्यांदा तुझा आवाज चुकून आला होता. कॉलेजची पोरं ऑनलाइन होती. हसायला लागली, म्हणाली, ‘हे कोण गावाकडचं बोलतंय?’ माझ्या तोंडून निघून गेलं, मावशी आहेत म्हणून. मग लोकांना तेच आवडलं. मग ते बदलणार कसं?

मच्छिंद्र : तोंडाने. ज्या तोंडाने मावशी म्हणालास, त्याच.

सुदर्शन : तुम्ही नका शिकवू. तुम्ही पण हसलातच ना?

मच्छिंद्र : हसलो.

यमुनाबाई : कामून हसलाव भाऊ? मी काय वंगाळ बोलले का?

मच्छिंद्र : नाही.

यमुनाबाई : मंग? लेकराला जेव म्हणले.

मच्छिंद्र : तुमच्या बोलीला हसलो, बाई. पोट धरून हसलो. बायकोला दाखवलं, तीही हसली. आता तुम्ही समोर उभ्या आहात तर थोबाड कुठं लपवू कळत नाही.

यमुनाबाई : मंग मी जिथं सैपाक करते, त्या खराडीच्या ऋतुजा मॅडमबी... त्यांच्याकडं पाव्हणे आले की मला भायेर बोलवत्यात. ‘मावशी, ते जेवायचं कसं म्हणता, म्हणा ना एकदा.’ मी पिठाचे हात पुसून जाते, अन्‌ म्हणते. समदे हसत्यात. मीबी हसते त्यांच्यासंगं. सुदर्शन, मी घरी येऊन तुला सांगितलं व्हतं. मॅडमचा लई जीव हाय म्हणले माज्यावर. तवा तू काय म्हणलास?

सुदर्शन : बास ना, आई.

यमुनाबाई : काय म्हणलास?

सुदर्शन : चांगल्या आहेत मॅडम, म्हणालो.

मच्छिंद्र : हलकट आहेस तू.

सुदर्शन : हो.

मच्छिंद्र : बसा बाई. पाणी देतो.

यमुनाबाई : नगं. ह्याला काय पायजे ते बांधून द्या. मी भायेर थांबते.

सुदर्शन : आई, जाऊ नको. काका, ती मोठी राहू द्या. छोटी द्या, फास्टवाली. नुसतं खेळीन. रेकॉर्डिंग बंद. जुनं सगळं आत्ता उडवतो, तुमच्यासमोर.

मच्छिंद्र : तुझ्याकडचं उडेल. लोकांनी आपापल्या फोनमध्ये उतरवून घेतलंय, ते? पोरांनी त्याला ढोल लावून गाणं केलंय. गणपतीत वाजवतील.

सुदर्शन : मग एक शेवटचा व्हिडिओ टाकतो. तोंड दाखवून. सांगतो सरळ, ही माझी आई आहे, मी खोटं बोललो. ऋतुजा मॅडमनापण पाठवतो. चालेल ना, आई? आज घरी गेल्या गेल्या टाकतो.

यमुनाबाई : नगं टाकू.

सुदर्शन : अगं, पण सगळ्यांना कळायला नको का?

यमुनाबाई : आता सैपाकवाली म्हणून हसत्यात. हसू दे. मी हायच सैपाकवाली, त्यात कसली लाज. पर तू सांगितलं तर त्यान्ला कळंल, हे असलं लेकरू माजं हाय म्हणून.

सुदर्शन : आई...

यमुनाबाई : हितं नगं म्हणू. मावशीच म्हण.