पेटीवरचं कापड

(व्हिएन्तिन, मेकाँग नदीकाठची राजधानी. मागच्या खोलीत वडिलांची शवपेटी. बाहेर अंगणात शोकाला आलेली माणसं.)

मणीचन : आधी दार लाव. आणि ते बॅगेत परत ठेव, दादा.

सोमवांग : नुसतं बघ तरी. कॅलिफोर्नियात आमच्या निर्वासितांच्या मंडळानं शिवून घेतलंय. लाल कापड, मधे तीन तोंडांचा पांढरा हत्ती, वर छत्र. बाबा राजाच्या फौजेत सुभेदार होते. त्यांच्या पेटीवर हेच निशाण हवं.

मणीचन : राजाच्या निशाणावर बंदी आहे, आणि अंगणात वस्तीचा मुखिया जागरणाचे पत्ते खेळत बसलाय.

सोमवांग : बसू दे. मेलेल्या माणसाचं काय करणार तो?

मणीचन : मेलेल्याचं नाही. माझा मुलगा ओन सरकारी कचेरीत आहे. तू काय, सगळं उरकलं की विमानात बसशील.

सोमवांग : टोमणा मार, ऐकतो. पण बाबा मला खांद्यावर बसवून सांगायचे गं. तीन तोंडं म्हणजे तीन राज्यं. लुआंग प्रबांग, व्हिएन्तिन, चंपासाक. धड मात्र एकच. तू लहान होतीस, तुला नाही आठवायचं.

मणीचन : मला ते जळताना आठवतं.

सोमवांग : काय जळताना?

मणीचन : आपल्या घरातलं निशाण. राजा गेल्यावर तू नदी पोहून पलीकडच्या देशात गेलास, त्याच आठवड्यात नव्या सरकारनं बाबांना विचार बदलायच्या शिबिराला नेलं. पंधरा दिवसांचं शिबिर म्हणाले होते. निघताना बाबा आईला म्हणाले, चुलीत घाल. आईचा हात होईना. मीच घातलं. त्या जाळावर भात वाफवला आणि आम्ही दोघींनी तो खाल्ला.

सोमवांग : मणी...

मणीचन : बाबा परत आले तेव्हा मी लग्नाची झाले होते. त्यांच्या तोंडात दात नव्हते. नोकरी कोण देणार? शिबिरात पाट्या रंगवायला शिकले होते, म्हणून शाळांच्या भिंतींवर राष्ट्रचिन्ह रंगवायला लागले. भाताच्या लोंब्या, धरण, रस्ता, दातेरी चाक, वर कोयता-हातोडा आणि तारा.

सोमवांग : बाबांनी? कोयता-हातोडा?

मणीचन : नाक मुरडू नकोस. त्याच रंगावर आमची चूल पेटत होती. नवं निशाणही काढायचे. लाल म्हणजे सांडलेलं रक्त, निळी मेकाँग, पांढरा गोल म्हणजे नदीवरचा चंद्र. बाबा म्हणायचे, रक्ताचं खरं सांगतात, फक्त कुणाचं ते सांगत नाहीत.

सोमवांग : फोनवर ह्यातलं काही बोलले नाहीत कधी. जेवलास का, एवढंच.

मणीचन : आमच्याशी तरी कुठे बोलायचे? एकदाच बोलले. सरकारनं चिन्ह बदललं तेव्हा. कोयता-हातोडा पुसून तिथे थाट लुआंगचा स्तूप काढायचा होता. मी डबा घेऊन गेले, तर शिडीवर बसून रडत होते. म्हटलं, उतरा, मुलं बघतायत. तर म्हणाले, “पोरी, ह्याच स्तूपाशी माझ्या आईनं मला भिक्खूचं चीवर दिलं होतं. एवढं सगळं करून ह्यांनाही शेवटी हेच लागलं.”

सोमवांग : आणि मी तिकडे दर वर्षी ह्या हत्तीपुढे ताठ उभा राहतो. बाबांसाठी म्हणून.

मणीचन : त्यांच्यासाठीच करत होतास. त्यांना ते माहीत नव्हतं, एवढंच.

सोमवांग : मग पेटीवर काय घालायचं? ते लाल-निळं?

मणीचन : मुखिया तसंच म्हणत होता, मान असतो म्हणून. मी त्याला सांगितलं, बाबा सांगून गेलेत. साधं पांढरं कापड, वर चाफ्याची फुलं. “निशाण कुठलंच नको, दोन्ही मला महाग पडली,” असं म्हणाले होते. हे शेवटचं मात्र मी मुखियाला नाही सांगितलं.

सोमवांग : घडी घालतो. ते टोक धर जरा.

मणीचन : दे इकडे. उद्या सकाळी ओनचं मुंडण आहे. आजोबांच्या चितेसाठी एक दिवस भिक्खू होतोय. तूही बस त्याच्या शेजारी. थोरला मुलगा आहेस.

सोमवांग : बसतो. मणी, मी असा निघून गेलो, त्याचा राग होता त्यांना?

मणीचन : रोज दिवेलागणीला नदीकाठी खुर्ची टाकून पलीकडे बघत बसायचे. मी म्हणायचे, आत या, डास फोडून काढतील. तर म्हणायचे, राहू दे, इथे जरा वारा आहे.

सोमवांग : मग?

मणीचन : वारा नसायचा, दादा.