यंदाचा शिक्का

(दोन जुन्या मैत्रिणी, फोनवर. एक निवृत्त मास्तरीण. दुसरी शिवणकाम करणारी, शाळेपासून तिचं नाव टाचणी.)

मास्तरीण : ...आणि हवा? हवा कशी आहे, महाराणी?

टाचणी : छान आहे. जरा खारट.

मास्तरीण : मागच्या वर्षी ‘लाटांत पाय भिजवले’ असं लिहिलं होतंस. पाकिटावर शिक्का तुझ्या घरामागच्या पोस्टाचा. लाटा तिथवर आल्या होत्या वाटतं?

टाचणी : अगं बाई! तू शिक्के बघतेस?

मास्तरीण : जन्म गेला वह्या तपासण्यात. पहिल्याच वर्षी पकडलं तुला.

टाचणी : आणि इतकी वर्षं तोंडातून चकार शब्द नाही?

मास्तरीण : काढून काय करू? शाळेच्या सहलीत दोघींनी मिळून एकच कार्ड घेतलं, समुद्राचं. जी समुद्रावर जाईल तिने तिथून ते चिठ्ठीसकट दुसरीला पाठवायचं, असं ठरलं. तू कुठे जाणार? मी पाठवलेलं कार्ड तुझ्याकडेच कुजलं असतं. म्हटलं, सोंग तर सोंग, परत पाठवते तर आहे.

टाचणी : म्हणून विचारायचीस होय, ‘हॉटेलातल्या उशा मऊ होत्या का?’ आणि मी बावळट, उशांवर पानभर लिहायचे!

मास्तरीण : सुरेख लिहायचीस. नवऱ्याला वाचून दाखवायचे मी.

टाचणी : त्यांनाही माहीत? झालं, अब्रूचं खोबरं! तू दर वर्षी खरीखुरी जायचीस. आमचे हे म्हणायचे, ‘पुढच्या वर्षी नक्की.’ तुला काय तोंड दाखवणार होते मी?

मास्तरीण : फाटक्या गणवेशाला टाचण्या लावून वर्षभर माझ्या शेजारी बसलीस, तेव्हा बरं तोंड दाखवलंस.

टाचणी : झाला अपमान करून? ठेवू फोन?

मास्तरीण : ठेवून तर बघ. आज कार्ड आलं. शिक्का समुद्रकाठच्या पोस्टाचा, अगदी खरा. तो बघून लगेच फोन लावला. काय झालंय?

टाचणी : काय व्हायचंय? हौस आली.

मास्तरीण : तुला? एक कपडा स्वतःसाठी शिवला नाहीस कधी. बोल.

टाचणी : डोळे गं. सुईत दोरा ओवता येईना. ऑपरेशन करू म्हणतात, पण दृष्टी राहीलच असं नाही. म्हटलं, त्याआधी एकदा समुद्र बघून घ्यावा.

मास्तरीण : आणि मला काय लिहिलंस? ‘पाणी निळंशार आहे.’ बस्स!

टाचणी : तेही खोटंच. राखाडी आहे. कार्डावरच्या चित्राने फसवलं मला.

मास्तरीण : तुझ्याच तोडीचं निघालं की ते. सोबत कोण आहे?

टाचणी : कोण असणार? ह्यांना दुकान सोडवत नाही.

मास्तरीण : वा! त्यांचं दुकान पळून जाईल ना! लॉजचं नाव सांग. उद्या दुपारपर्यंत येते.

टाचणी : नको गं, तुझे गुडघे...

मास्तरीण : गुडघ्यांना कुणी विचारलंय?

टाचणी : मास्तरीण... मला भीती वाटतेय.

मास्तरीण : मलाही. खिडकीजवळची खाट तू घे.